काकाचं पान

माझा काका मोहन्याच्या चाळीतून सायकलचं पंक्चर काढायला म्हणून बाहेर पडला, तो इतकी वर्षं पंक्चरच काढतोय. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटलेली. पोलिसांनी फाइल कधीच गुंडाळली, पण आत्याने नाही. आत्या म्हणजे बाबांची आणि काकाची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, डोंबिवलीत आमच्याकडेच असते. दर महिन्याला वीजबिल येणार यावर माझा जेवढा विश्वास, तेवढा काका येणार यावर तिचा.

बाबा म्हणायचे, "गेला तो. एकदा श्राद्ध घालू आणि मोकळे होऊ."

आत्या म्हणायची, "आधी तुझंच घालते, थांब."

गेल्या वर्षी तिने माझ्यामागे टुमणं लावलं, काकाचा जुना फोटो मोबाइलमध्ये म्हातारा करून दे. दिला. टक्कल, पांढऱ्या मिशा, लोंबते गाल. मी म्हटलं, "आत्या, हे तर थेट बाबाच!"

"भाऊ आहेत गं ते, दिसणारच," म्हणून तिने खोपटच्या एसटी स्टँडवर ते फोटो चिकटवून घेतले. बाबांना कोणी सांगितलंच नाही. पुढच्याच आठवड्यात बाबा गावी जायला खोपटला गेले आणि सापडले.

कंडक्टरचा फोन आला. "आजी, मिळाला तुमचा भाऊ. पळायला बघतोय, पण आम्ही धरून ठेवलाय."

आत्याने ठेवणीतली साडी नेसली. रिक्षात ती एकदाच बोलली, "त्याला दूध पचतं का अजून, विचारायला हवं." बाबा आज खोपटलाच गेलेत, हे मला तरी कुठे सुचलं, कप्पाळ!

स्टँडच्या बाकावर बाबा, दोन्ही बाजूंना दोन खाकीवाले आणि भोवती बसची अख्खी रांग. बाबा ओरडत होते, "अहो, तो मी नाही! मी त्याचा भाऊ!"

"सगळे असंच म्हणतात, काका," कंडक्टर समजूत घालत होता. "रुसायचं तरी किती वर्षं?"

आत्याने नीट बघितलं. "हा? हा आहे माझ्याकडे," म्हणाली आणि मटकन खाली बसून रडायलाच लागली.

बाबा भडकले. "अगं, मीसुद्धा भाऊच आहे ना तुझा!"

रांग खो खो हसली. मीही हसले, आणि वाईटही फार वाटलं.

घरी येताच बाबांनी फर्मान काढलं. पुरे झाला तमाशा, या सर्वपित्रीला त्याचंही पान ठेवायचं. त्या दिवशी आत्याने कधी नव्हे ते मुकाट्याने खीर-वडे केले, पण गच्चीवर यायला तयार होईना. "कावळा शिवला की हाक मार," एवढंच बाबांना म्हणाली. "म्हणजे समजेन मी, तो गेला."

बाबांनी पानं मांडली. आजोबांचं, आजीचं आणि जरा बाजूला काकाचं. डोंबिवलीचे कावळे ते, आग्रहाची वाट कसली बघतायत! पहिली दोन पानं बघता बघता विस्कटली. मग एक जाडजूड कावळा टुणटुण उड्या मारत काकाच्या पानाकडे निघाला. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी दाराशी काढलेली चप्पल उचलली आणि धावत सुटले.

"हाड! हाड रे मेल्या! त्याला नाही शिवायचं!"

जिन्यातून आत्याचा आवाज आला. "काय रे, शिवला का?"

"नाही गं ताई," बाबा धापा टाकत म्हणाले, "ढुंकूनसुद्धा बघत नाहीये."