सत्काराला उत्तर

पुण्यात एखाद्याला गप्प बसवायचं असेल तर शिव्या देत नाहीत, त्याचा सत्कार करतात. आमच्या सोसायटीनं हा प्रयोग क्वेकू आन्सावर केला आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

क्वेकू मूळचा घानाचा. बाप ताकोराडी बंदरात मासे धरायचा, पोरगा विशीतच बँडमध्ये गायला लागला. त्याची एक कॅसेट अशी चालली म्हणे, की बसवाले ती लावल्याशिवाय गाडी हलवत नसत. 'म्हणे' अशासाठी, की सांगणारा तोच. मग बँड फुटला. गायिकेवरून फुटला असावा. विचारलं की हा हसून विषय बदलतो. बी.कॉम. करायला पुण्यात आला. बी.कॉम. राहून गेलं, पण गाणं सुटलं नाही. येरवड्याच्या भीमरावांनी त्याला आपल्या ऑर्केस्ट्रात घेतलं. भीमगीतं काय, हळदीची गाणी काय, सगळं तोंडपाठ. भीमरावांची पुतणी कल्याणी तिथंच गायची. पुढचं सांगायला नको. बावीस वर्षं झाली. मंडईत मेथीच्या जुडीवरून तो माझ्यापेक्षा बरा भांडतो.

यंदा सोसायटीला पन्नास वर्षं झाली. क्वेकूनं पहिल्यांदाच काही मागितलं. सेक्रेटरी सुदर्शनरावांना म्हणाला, "साहेब, मला आपल्या अंगणात एक गाणं म्हणायचंय. त्या कॅसेटमधलं, माझं. आमच्या लेकीनं, स्वरालीनं, मला दुसऱ्यांचीच गाणी म्हणताना पाहिलंय."

"अहो, बघतो की."

'बघतो' म्हणजे 'नाही', हे बावीस वर्षांत कळायला हवं होतं. हा सूट इस्त्री करून बसला.

कार्यक्रमपत्रिका आली. सुदर्शनरावांच्या सूनबाईंची तीन भावगीतं, आणि खाली बारीक अक्षरात: 'परदेशी पाहुण्यांचा सत्कार'.

मी सुदर्शनरावांना गाठलंच. "पाहुणा? कधी चहाला तरी बोलावलंत का?"

"अहो, मान दिलाय. त्याचं गाणं कळणार कुणाला?"

"सूनबाईंचं कळतं?"

तिथून आमचं बोलणं बंद आहे.

कार्यक्रमात क्वेकूला शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. टाळ्या मीही वाजवल्या, त्याचीच चीड जास्त. पण सत्कार झाला की सत्कारमूर्तीनं उत्तरादाखल दोन शब्द बोलायचे असतात. ती रीत आमची मंडळी मोडत नाहीत. माईक क्वेकूच्या हातात गेला.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला आणि गाऊ लागला.

दुसऱ्या कडव्याला सुदर्शनरावांनी माईक बंद करायला लावला. गृहस्था, भर समुद्रातल्या होड्यांना ऐकू जायचा तो आवाज. त्याला तुझा भोंगा कशाला? क्वेकू गात राहिला. पहिल्या रांगेत स्वराली उभी राहून ऐकत होती, आणि मागच्यांपैकी एकानंही तिला 'खाली बसा' म्हटलं नाही. पुण्यात.

गाणं संपवून त्यानं शाल काढली, घडी घातली आणि सुदर्शनरावांच्या खांद्यावर ठेवली. "ही आपल्याला. मी घरचाच आहे." नारळ मात्र घेऊन गेला.

आठवड्याच्या आत नोटीस बोर्डावर कागद लागला: 'सत्कारमूर्तींनी उत्तरादाखल गाऊ नये. हुकमावरून.'

त्याखाली मी पेनानं लिहून आलोय: 'सुनांनाही लागू.' पाहू कोण पुसतंय.