भुशाचे डबे

करवत थांबली की आम्ही फळीकडे बघायचो, तो भुशाकडे. खाली बसून ओंजळीने भुसा गोळा करायचा, चाळायचा आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवायचा. फणसाचा वेगळा, शिवणीचा वेगळा. "लाकूड आजचां बगू नको, फुडचां बग," हे त्याचं पालुपद. असा एखादा शहाणा तुमच्याही कामाच्या जागी असेल, तर मला काय वाटायचं ते वेगळं सांगायला नको.

डिचोलीच्या सुतारकारखान्यात आमचे बाक शेजारी शेजारी. मी मयेचा, तो कोरगावचा. फळीतल्या गाठी आणि भेगा बुजवायची लांबी तो स्वतः बनवायचा. करवंटीत कढत सरस, त्यात त्याच लाकडाचा भुसा, भाकरीच्या पिठाइतका घट्ट. भेगेत भरताना जरा उंच ठेवायची आणि वाळून बसली की घासायची. मीही तेच करायचो, तरी गिऱ्हाईक नाव त्याचं घ्यायचं. एकदा माझ्या बायकोने आमच्याच घरचा चिरलेला पाट परस्पर त्याच्याकडे धाडला. "तुमकां वेळ खंय आसता?" म्हणाली. पाट दुरुस्त होऊन आला, पण मी महिनाभर जमिनीवर बसून जेवलो.

गोव्याचं राज्य व्हायच्या आधीची ती वर्षं. भाषा कोकणी की मराठी, यावरून कारखान्यात रंधे थांबायचे. तो मात्र हातातलं काम सोडत नसे. त्यामुळे दोन्हीकडचे त्याला आपलाच समजायचे. मी घसा कोरडा करून भांडायचो आणि मला दोन्हीकडचे टाळायचे. हेही माझ्या मनात साठत गेलं.

मग आमच्या गावच्या देवळाचं दार आलं. फणसाचं, दोन झडपांचं. पात्रांव, म्हणजे आमचा मालक, म्हणाला, "एकेक झडप करा. जाची बरी, तो म्हाल मेस्त." थोरला मिस्त्री व्हायला मी किती वर्षं झुरत होतो ते माझं मला ठाऊक. त्याच्या फळ्यांत अकरा गाठी निघाल्या, माझ्या फळ्यांत सात. मला देव पावला असं वाटलं.

मी लांबी कालवत होतो तेव्हा तो जवळ आला. "ताजो भुसो घालू नको. फणस फुडें तांबडो जातलो, तुजी लांबी पिवळीच रवतली." त्याने स्वतः दोन वर्षांचा जुना, काळपटलेला भुसा काढला होता. मला वाटलं, हा माझ्यावर जळतो, माझं काम बिघडवायला बघतो. मी ताजाच घातला.

देवळाची समिती बघायला आली. माझी झडप सोन्यासारखी पिवळी, लांबी शोधून सापडेना. त्याच्या झडपेवर अकरा तांबडे डाग. "दाराक गोवर आयलो काय रे?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. तो म्हणाला, "चार वर्सांनी येवन बगा." पण चार वर्षं थांबायला कुणाला वेळ होता? म्हाल मेस्त मी झालो. त्याने माझा हात धरून "बरां जालां" म्हटलं, आणि त्याच्या तोंडावर रुसवा शोधूनही मला सापडला नाही. त्याचाच जास्त राग आला.

दोन वर्षं तो माझ्या हाताखाली राबला. मग कोरगावला परत जायला निघाला, तेव्हा एक डबा माझ्या बाकावर ठेवून म्हणाला, "हो फणसाचो. तुका लागतलो." तो बसमध्ये चढल्यावर मी तो भुसा सरसाच्या चुलीत घातला. चांगला पेटला.

पुढे काही वर्षांनी तो वारला, तेही मला महिन्याभराने कळलं, त्याच्या भागातल्या पेडण्याच्या बसच्या कंडक्टरकडून. त्या आठवड्यात देवळात गेलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दारापाशी थांबून नीट पाहिलं. दार आता तांबूस झालं होतं. माझ्या झडपेवर सात पिवळे ठिपके लांबूनही दिसत होते. त्याच्या झडपेवर मी बोटं फिरवली, चष्मा लावून पाहिलं. अकरांतली एकही गाठ मला सापडली नाही. मेलेल्या माणसाचा हेवा करणारा मी पहिला नसेन.

समितीचे म्हातारे अध्यक्ष, तो गोवर केव्हाच विसरलेले, मागून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुजो दोश ना रे. ताका बिनगाठीची फळी मेळ्ळी, तुका वायट."

खरं सांगून टाकायला हरकत नव्हती, तिथे आम्ही दोघेच होतो.

"हय," मी म्हणालो, "फळीच वायट मेळ्ळी."