‘पाण्याशिवाय’ लिहिलेला पेला

माझ्या बहिणीची मुलगी शिक्षिका होणार, असं बहिणीने फोनवर सांगितलं तेव्हा मी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. सत्तावीस वर्षं सहावीच्या वर्गावर काढलेल्या बाईने अशा बातमीला काय म्हणावं? "तब्येतीला जप म्हणावं तिला," एवढं बोलून मी विषय संपवला. विषय कुठला संपतोय. दोन आठवड्यांनी भाची दोन बॅगा आणि पुठ्ठ्यांचा भला मोठा गठ्ठा घेऊन माझ्या दारात उभी. तिच्या कॉलेजने सराव पाठांसाठी जी शाळा नेमून दिली ती माझी, आणि वर्गही नेमका माझाच.

सराव पाठ म्हणजे काय, ते सांगते. शिक्षक होऊ बघणाऱ्यांचा हात बसावा म्हणून दरवर्षी ही मंडळी आमच्या जिवंत मुलांवर सोडतात. प्रत्येकाच्या हातात पाठाचं टाचण असतं. त्यात डाव्या बाजूला शिक्षक काय विचारणार ते लिहिलेलं, आणि उजव्या बाजूला मुलं काय उत्तर देणार तेही लिहिलेलं. मुलांना ते कुणी दाखवत नाही. माझ्या वर्गाला दाखवायची गरजही नाही. इतके छोटे सर आणि छोट्या मॅडम पचवल्यात त्यांनी, की टेबलामागे गुंडाळलेला तक्ता दिसला की कार्टी लगेच चेहऱ्यावर कुतूहल आणून बसतात. "तर मुलांनो, आज आपण काय बरं शिकणार?" असं विचारलं की जरा थांबतात, एक-दोघं मुद्दाम चुकतात, मग तिसरा बरोबर सांगतो. एवढ्या सभ्यपणे कुणाची समजूत काढलेली मी मोठ्या माणसांतही पाहिली नाही.

भाचीचं हे दुसऱ्यांदा होतं. आदल्या वर्षी अंतिम पाठात एका मुलाने टाचणात नसलेलं उत्तर दिलं, आणि ही जी फळ्याकडे तोंड करून उभी राहिली ती घंटा होईपर्यंत. नापास. वडिलांनी यंदा स्पष्ट सांगून ठेवलं होतं, एवढा एक पाठ बघायचा, नाहीतर निमूटपणे आपल्या दुकानात बसायचं. दुकान नळाच्या सामानाचं. "मावशी, मला जन्मभर तोट्या विकायच्या नाहीत गं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि रडली नाही. ते मला आवडलं. तिला अर्थातच सांगितलं नाही. उगाच डोक्यावर कशाला बसवा?

शाळेत मॅडम आणि घरी मावशी, असं आमचं ठरलं. तरी एकदा भर वर्गात ती मला "मावशी, डस्टर दे ना" म्हणालीच. चाळीस मुलांना तो आनंद महिनाभर पुरला.

घरी तर विचारू नका. जेवणाच्या टेबलावर तक्ते वाळत घातलेले, आम्ही ताटं हातात घेऊन उभे. गोंद शर्टाला, शर्ट खुर्चीला. माझ्या निवृत्त नवऱ्याला तिने पहिल्या बाकावर, म्हणजे स्टुलावर, बसवलं आणि रोज संध्याकाळी त्याला तीच तीस मिनिटं शिकवली. काका बोट वर करून टाचणातलं उत्तर शब्दन् शब्द देत. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं एवढं लक्ष देऊन त्याने कधी ऐकलेलं मला आठवत नाही.

अंतिम पाठाचा विषय होता, बी कसं रुजतं. बाईसाहेबांनी चार पेल्यांत कापूस घालून घेवड्याच्या बिया ठेवल्या. एकाला सगळं मिळणार, एकाला पाणी नाही, एकाला हवा नाही, आणि ऊब नसलेला माझ्या फ्रिजमध्ये, दुधाशेजारी. प्रत्येक पेल्याला खाकी कागद गुंडाळलेला, वर कागदाची टोपी, का तर टाचणात ‘उत्सुकता निर्माण करणे’ असा एक रकाना असतो. कोणता पेला कसला, ते कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं, अक्षर मुंगीएवढं.

आता मी काही हात लावणार नव्हते. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालताना शेजारच्या पेल्यांच्या टोप्या सहज उचलून पाहिल्या, तर एका पेल्यातला कापूस ठणठणीत कोरडा. ही आजकालच्या मुलांची जबाबदारी. घातलं दोन चमचे पाणी. नंतर रोजच घालत गेले. तिला बोलून दाखवलं नाही. माझा स्वभावच नाही तो.

या पाठाला परीक्षकांचे तीस गुण आणि वर्गशिक्षकाचे वीस. पन्नासात पंचवीस मिळाले की पास. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, मुलगी नात्यातली आहे, मला बाजूला ठेवा. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून आजवर कुणाला सवलत मिळाल्याचं ऐकिवात नाही."

पाठाच्या दिवशी परीक्षक मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसले, गुडघे हनुवटीला टेकवून. टाचण समोर ठेवून एकेका ओळीवर बरोबरची खूण करत होते. सगळं तालावर चाललं होतं. पहिला पेला उघडला, बी रुजलेलं. खूण. फ्रिजमधला, काही नाही. खूण. भाचीने तिसऱ्यावर हात ठेवला. "या बीला पाणी दिलेलं नाही. काय झालं असेल?" "रुजलं नसेल, मॅडम," वर्ग एका सुरात म्हणाला. परीक्षकांनी खूण आधीच करून टाकली. तिने टोपी काढली, कागद सोडवला.

चार बोटं उंच रोप. दोन पानं, हिरवीगार, सगळ्यांत धडधाकट. जो पेला कोरडाच ठेवायचा तो ती कशाला उघडून बघेल? तो उघडणारी घरात एकच होती.

भाची फळ्याकडे वळली. मी मनात म्हटलं, गेली पोरगी तोट्यांत, आणि मी घातली तिला तिथे. मग ती परत फिरली. "मला वाटलं होतं तसं झालेलं नाही. का, ते मलाही माहीत नाही. तुम्ही सांगाल?"

परीक्षक हे वाक्य टाचणात शोधू लागले. माझ्या वर्गाची मात्र पंचाईत झाली, कारण या प्रश्नाला चेहरा कसा करायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी पहिल्या बाकावरची, जिला सगळे वकील म्हणतात, ती उठली आणि तिने कापसाला बोट लावलं.

"ओला आहे, मॅडम."

"कुणीतरी पाणी घातलंय," मागून एक म्हणाला.

"रोज घातलंय. एकदाच घातलं असतं तर एवढं वाढलं नसतं," दुसरी म्हणाली.

"पेला होता कुठे?" वकिलीणबाईंनी विचारलं.

भाची म्हणाली, "मावशीच्या स्वयंपाकघरात."

चाळीस माना सावकाश माझ्याकडे वळल्या. शेजारी परीक्षक ‘पूर्वतयारी’च्या रकान्यात फुली मारत होते. गप्प बसता आलं असतं. नंतर खोलीत नेऊन त्यांना हळूच सांगताही आलं असतं. पण ती फुली माझी होती, आणि ती तिच्या नावावर चढत होती. मी बोट वर केलं. माझ्याच वर्गात.

"हं, बोला मॅडम," भाची म्हणाली.

"पाणी मी घातलं."

कुणी हसलं नाही, हे वाईट झालं. वकील उभीच होती. "पण पेल्यावर ‘पाण्याशिवाय’ असं लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मग तुम्ही वाचलं नाही?"

सत्तावीस वर्षं मी प्रत्येक उत्तरपत्रिकेवर लाल शाईने एकच शेरा मारत आलेय, सूचना नीट वाच.

"नाही वाचलं," मी म्हणाले.

"पुढच्या वेळी वाचत जा," ती म्हणाली आणि खाली बसली. सूरही माझाच होता. मला माझी लाज वाटली, खरंच वाटली.

घंटा झाली तेव्हा चौथा पेला बंदच होता, फळा अर्धा कोरा, आणि एकवीस हात वर. परीक्षकांनी शिक्षकांच्या खोलीत कागद पुढे सरकवला. फुली खोडलेली होती, पण तीसपैकी बाराच. "पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही," ते म्हणाले. "नाही झाला," मी म्हटलं. वीसपैकी बारापेक्षा जास्त मी आजवर कुणाला दिलेले नाहीत, आणि हिला तेरा हवे होते. मी अठरा लिहिले, सही केली आणि कागद पालथा घालायच्या आत ती दारात आलेली.

तिने दोन्ही आकडे पाहिले, मनात बेरीज केली, आणि डोळे पुसले.

"मावशी, दोन कशाचे कापलेस?"

"पेल्यावरचं अक्षर बारीक होतं," मी म्हटलं. "आणि शाळेत मॅडम म्हणायचं."