बसल्या जागेचं कापड

तिनं मला ‘ऊठ’ म्हटलं नाही. तिनं माझ्या बापाला सोफ्याचं कापड बदलायला सांगितलं.

रामदासपेठेतला बंगला. उन्हाळ्याच्या सुट्ट्या. माझा बाप सोफे दुरुस्त करायचा. सायकलच्या हँडलला औजारांची थैली, मागे कॅरिअरवर फोम बांधलेला. शाळा नसली की पुढच्या दांडीवर मी. त्या घरी आठवडाभर काम चाललं होतं. वऱ्हांड्यात सोफा उलटा पाडलेला. मी काथ्या पिंजायची, सुतळी धरायची. बाबा चुका ओठांत धरायचा, म्हणजे ते बारीक खिळे, आणि तोंडातून एकेक काढून ठोकायचा. म्हणून काम करताना तो बोलत नसे.

काम संपलं. सोफा आत बैठकीत नेऊन ठेवला. हिरवं, मऊ कापड. बाबा मागे सरकून बघत होता. आपलंच काम बघताना तो मान जराशी वाकडी करायचा. मला वाटलं, बसून बघावं. आपणच तर केला. बसले. फोम खाली गेला आणि त्यानं मला परत वर उचललं. मी हसले.

बाई दारात उभी होती. वाईट नव्हती ती. रोज दुपारी आम्हाला ताक द्यायची. वेगळ्या ग्लासात, पण द्यायची. आवाज कधी चढवला नाही. तेव्हाही नाही.

“त्या सीटचं कापड काढा आणि दुसरं लावा. तुकडा उरलाय ना?”

बाबाला कळलं नाही. “नवं हाये जी, बाईसाहेब. डाग नाई पडला.”

“डागाचं नाही म्हणत मी.”

“लेकरू हाये. जराशी टेकली.”

“मी तिला काही बोलले का? पण संध्याकाळी घरात पूजा आहे. आमची माणसं यायची आहेत.”

बाबानं माझ्याकडे पाहिलं. मी अजून बसलेलीच होते. तो हळूच म्हणाला, “उठ वं.”

मग त्यानं पकड घेतली. सकाळी ठोकलेल्या चुका एकेक करून उपटल्या. लाकडातून चूक निघताना करकर आवाज येतो. मग ती पत्र्याच्या डब्यात पडते. टिक. परत करकर. टिक. बाई उभी राहून बघत होती. मी भिंतीला टेकायला गेले आणि थांबले. भिंतही पुसायला लावली तर?

निघालेलं कापड बाईनं घडी करून माझ्या हातात दिलं. “हे घेऊन जा. छान फ्रॉक होईल तुला.” आणि हसली. प्रेमानं हसली. ते हसू मला त्या कापडापेक्षा जास्त लक्षात आहे.

आम्ही ते घेतलं. फेकलं नाही. आमच्या घरी चांगलं कापड फेकत नव्हते. आईनं त्याचं दप्तर शिवलं. नागरिकशास्त्राचं पुस्तक मी त्याच दप्तरात घालून शाळेत नेलं. मुली म्हणायच्या, किती सुंदर दप्तर, कुठून घेतलं?

पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होते, बाबाच्या तोंडात चुका होत्या म्हणून तो बाईला उलटून काही बोलला नाही. खोटं आहे. काम संपलं होतं. तोंड रिकामं होतं.

आमची वस्ती जरीपटक्याच्या अलीकडे. विहाराच्या मागची गल्ली, पत्र्याची घरं. बाबाच्या छातीत फोमची धूळ बसली तेव्हा त्याचं काम मी उचललं. बाईमाणूस सोफे ठोकते म्हणून गल्लीतले हसले. हसू दे. मला मशीन येत होती, हातोडी येत होती. गल्लीतल्या दोघीतिघींना सोबत घेतलं. घरासमोरच्या मांडवात काम सुरू केलं.

गरीब माणूस पैसा कमवत नाही असं नाही. कमवतो. तो टिकत नाही. पहिल्यांदा साठवलं ते बाबाच्या छातीवर गेलं. परत साठवलं. पावसात छप्पर गेलं, त्याच्यासोबत ते गेलं. बँकेत गेले तर साहेबानं विचारलं, “तुमच्या पाठीशी कोण आहे?” मी मागे वळून बघितलं. खरंच वळून बघितलं. मागे पाण्याचा माठ होता. साहेब हसला. पाठीशी कोण, म्हणजे ज्याच्या नावावर घर आहे, जमीन आहे असा कोणी, हे मला मागाहून कळलं.

मग एक जण पाठीशी आला. धरमपेठेत त्याचं फर्निचरचं दुकान होतं. शिकलेला, माझ्याच वयाचा. फार गोड बोलायचा. मला ‘ताई’ म्हणायचा. माझं काम बघून म्हणाला, “ताई, तुमच्या हातात जादू आहे. तुम्ही बनवा, मी विकतो.” मी बनवत गेले. तो विकत गेला. गल्लीतल्या आणखी बायका आल्या, मांडवाची शेड झाली. आणि त्याच्या दुकानाचं शोरूम झालं. वर्धा रोडवर, काचेचं. तो म्हणायचा, “हे आपलं आहे, ताई. तुम्ही पार्टनर आहात.” कागद मी मागितला नाही. ‘ताई’ म्हणणाऱ्याला कागद कसा मागायचा?

उद्घाटनाला त्यानंच बोलावलं. मी नवी साडी नेसले. बाबाला पांढरा सदरा घातला. तो दमेकरी झाला होता, दहा पावलं चालला की थांबायचा. तरी आला. खांद्यावर धुतलेला दुपट्टा. ऑटोतून उतरलो. काचेच्या दारापाशी फुलांचं तोरण, आत थंडगार हवा, आणि ओळीनं मांडलेले आमचे सोफे. बाबाची मान जराशी वाकडी झाली.

तेवढ्यात दुकानदार बाहेर आला. घाईत होता. माझा दंड धरून बाजूला नेलं.

“ताई, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही मागच्या बाजूनं या ना. गोडाऊनमध्ये तुमच्या नाश्त्याची सोय केली आहे.”

“मागून काहून?”

“इथे मोठे क्लायंट आलेत. त्यांना वाटतं माल बाहेरच्या फॅक्टरीतून येतो. कोणी बनवला, कुठल्या वस्तीत, असं एकदा निघालं की...” तो थांबला. “तुम्हाला माहीत आहे ना, लोक कसे असतात. मी मानत नाही हो हे सगळं.”

मी मानत नाही. हे वाक्य मी आयुष्यात फार ऐकलं आहे. मानणारा कोणीच कधी भेटत नाही.

मी काही बोलणार, तोवर बाबा चालायला लागला होता. त्यानं काही विचारलं नाही. इमारतीच्या कडेनं मागे जाणारी अरुंद वाट त्याला कोणी न दाखवता दिसली होती. धापा टाकत म्हणाला, “चाल वं. इकून हाये रस्ता.”

त्याच्या पायांना ती वाट पाठ होती. सगळ्या बंगल्यांची मागची वाट. काहीतरी माझ्या आत तुटलं. राग नव्हे. राग नंतर आला. आधी भीती वाटली, की थोड्या वर्षांनी माझेही पाय असेच आपोआप वळतील.

“बाबा, थांब,” मी म्हटलं. “आपण मागून नाई जाऊन राहिलो.”

“जाऊ दे ना माय. कामाची मानसं आपण.”

मी त्याचा हात धरला आणि काचेचं दार ढकललं. आत गेले. मधोमध ठेवलेल्या सगळ्यात मोठ्या सोफ्यावर बसले. पूर्ण पाठ टेकून. म्हटलं, “हा सोफा मी बनवला. इथले सगळे आमच्या शेडमध्ये बनले. बाहेरून काही येत नाही. हा माझा बाप. यानं मला शिकवलं.”

एका बाईनं पर्स उचलून मांडीवर घेतली. दुकानदार हसत हसत पाहुण्यांना म्हणाला, “आमच्या ताई जरा इमोशनल आहेत.”

“बाबा, बस,” मी म्हटलं.

तो बसला नाही. मी उठले, तसा तो वाकला. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मी बसले होते ती जागा पुसली. नीट पुसली, कोपऱ्यापर्यंत. कोणी सांगितलं नव्हतं.

हे मला झोपू देत नाही. ती बाई नाही, तो दुकानदार नाही. माझ्या बापाचा तो वाकलेला पांढरा सदरा.

परत येताना ऑटोत विचारलं, “काहून पुसलं, बाबा?”

“धूळ होती.”

“नव्हती.”

तो बाहेर बघत राहिला. मी पुन्हा विचारलं नाही. त्याच हिवाळ्यात तो गेला.

दुकानदारानं माल घेणं बंद केलं. शेड रिकामी पडली. बायका सकाळी यायच्या, बसायच्या, जायच्या. काही महिन्यांनी त्याचा फोन. “ताई, धंद्यात इगो ठेवू नये. या परत. फक्त नावाचं तेवढं सोडा.” मी म्हटलं, “माझ्या नावानं विकत असशील तर बोल.” त्यानं फोन ठेवला.

मेन रोडवर गाळा शोधला. मालक आधी हो म्हणायचे, मग पूर्ण नाव विचारायचे, मग गाळा कालच गेलेला असायचा. मग इतर कारागीर नाक मुरडतात ती कामं घेतली. लग्नाच्या लॉनच्या फाटक्या खुर्च्या, दवाखान्यातले बाक, ट्रॅव्हल्सच्या बसच्या सीटा. त्यातून उभे राहिलो. कामठी रोडवर जागा घेतली. बोर्ड लावला, त्यावर माझं नाव, बाबाचं नाव आणि आडनाव. आडनाव सगळ्यात मोठ्या अक्षरात. आज शेडमधल्या बायकांचा नफ्यात वाटा आहे आणि तो कागदावर आहे. मला घर आहे, गाडी आहे. आणि अजूनही कोणाच्या घरी पहिल्यांदा गेले की मी सोफ्याच्या कडेवर बसते. पाठ टेकत नाही. पैशानं ते गेलं नाही. जाईल असं मला वाटतही नाही.

मागच्या वर्षी उद्योजकांच्या एका मंडळानं माझा सत्कार ठेवला. आयोजक आधीच म्हणाला, “मॅडम, जुनं कडू काही नको. पॉझिटिव्ह ठेवा. तरुण पोरं आहेत.” मग अध्यक्ष बोलायला उभे राहिले. माझ्याकडे हात करून म्हणाले, “गरिबी मनात असते. या ताई बघा. मेहनत केली, वर आल्या. जे रडत बसतात त्यांना कष्ट नको असतात.”

टाळ्या. माझ्यासाठी पडलेल्या. माझ्या बापाच्या तोंडावर पडलेल्या.

मी माईक घेतला. म्हटलं, “माझा बाप माझ्यापेक्षा जास्त राबला. फोमची धूळ खाऊन मेला आणि गरीबच मेला. आमच्या गल्लीत माझ्याहून चांगला हात असलेल्या बाया होत्या. त्या भांडी घासत म्हाताऱ्या झाल्या. मेहनतीनं माणूस वर येत असता तर आमची गल्ली रामदासपेठेत असती. आमच्या वाटेत कोण उभं होतं, ते विचारा. त्यातले काही इथं पुढच्या रांगेत बसले आहेत.”

कोणी टाळी वाजवली नाही. आयोजकानं माईक काढून घेतला. सत्काराची शाल तशीच खुर्चीवर राहिली, मी उचलली नाही.

तेव्हापासून बोलावणी कमी झाली. जिथून येतं तिथं मी जाते आणि हेच बोलते. पैसा मी सोडणार नाही. आणखी कमावीन, माझ्या नावानं, पुढच्या दारातून. पण माझा पैसा पुरावा म्हणून उभा करून कोणी आमच्या गल्लीला आळशी ठरवायला निघालं, तर मी त्याला भर सभेत खाली बसवीन. माझा बाप आळशी नव्हता. हे मी मरेपर्यंत सांगणार आहे, आणि ऐकायला गोड लागेल असं सांगणार नाही.