शांत मासोळ्या

आमच्या गोंदियाच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे एक विभागप्रमुख आहेत. राइस मिलचा भुसा भट्टीत भाजून, ॲसिडात उकळून ते कार्बनची काळी पावडर करतात. तिचा कण साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. ‘नॅनो’ हा शब्द तर ते नव्या जावयाचं नाव घ्यावं तसा घेतात. ही पावडर पाण्यातली कीटकनाशकं ओढून घेते, हे खरं आहे. पण एवढं एक खरं हाती लागल्यावर दुसरं काही शोधायची त्यांना गरजच वाटली नाही. पावडर थेट एखाद्या गावच्या तलावात टाकून दाखवायचं त्यांनी ठरवलं, आणि तलाव निवडला तो माझ्या माहेरचा.

“तुमचेच लोक आहेत मॅडम, नाही थोडंच म्हणणार,” ते म्हणाले.

माझ्या लोकांची ढोरं त्या तलावावर पाणी पितात, आणि आठवड्यातून दोनदा तरी तिथली मासोळी घरोघरी शिजते. मी प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून मासोळ्यांवर परिणाम पाहायचं काम माझ्याकडे आलं. खरं म्हणजे माझी फक्त सही हवी होती.

मी काचेच्या दोन टाक्या लावल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत पावडरचं. काही आठवड्यांनीही एकही मासोळी मेली नाही. पण साध्या टाकीवर बोटानं टिचकी मारली की सगळ्या सुर्रकन कोपऱ्यात पळायच्या. पावडरच्या टाकीतल्या जागच्या हलत नव्हत्या. काही तर पोहता पोहता काचेवर आपटायच्या.

मी सरांना सांगितलं, इतका बारीक कण कल्ल्यांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाऊ शकतो. ‘पळ’ हा निरोपच या मासोळ्यांच्या अंगाला पोचत नसावा.

“मेल्या का?”

“नाही.”

“मग? कार्बन म्हणजे काय मॅडम, कोळसा. आपले बाप-आजे कोळशानं दात घासत होते. कोणाचं डोकं बिघडलं?”

त्यांच्याकडे पाहून मला या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड गेलं.

मग त्यांनी स्वतः टाकीवर टिचकी मारली आणि खूश झाले. “किती शांत झाल्यात, पाहा. माणसाळल्या.” अहवालात त्यांनी तोच शब्द लिहिला : शांत. मी सही केली नाही. “चलता है,” ते म्हणाले. अशा माणसांचं सगळंच चालतं, म्हणून तर मला त्यांची किळस येते.

ठरल्या दिवशी ते पावडरची पोती आणि शांत मासोळ्यांची बादली गाडीत घालून गावात आले. ग्रामपंचायतीसमोर लोक जमले. सरांनी बादलीत हात घातला आणि एक मासोळी उचलून तळहातावर धरली. ती धडपडलीसुद्धा नाही.

“पाहा, भीती नावालाही नाही.”

गावची सरपंच माझी काकूच आहे. ती म्हणाली, “भेतच नाही त मंग बगळा आला त कशी पळन जी?”

सर हसले. “हे मॉडर्न सायन्स आहे ताई. आधी जेवू, मग पावडर टाकू.”

जेवण काकूकडेच होतं. कोणी ती बादली तलावात रिकामी करू नये म्हणून मी ती उचलून घरामागं नेली. त्याच बाजूला स्वयंपाकघराचं दार आहे. सर ओट्यावरून पाहत होते.

थोड्या वेळानं ताटं आली. भात आणि मासोळीचा लालभडक रस्सा. मासोळी सकाळीच आमच्या तलावातून काढलेली होती, पण सरांना ते कोणी सांगितलं नाही. मीही नाही. भाताला लागलेला त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा वाटीकडं. पोराबाळांनी खुशाल खावी अशी मासोळी, आणि सरांच्या कपाळावर घाम.

“घ्या न जी,” काकू म्हणाली. “काऊन थांबले?”

“माझा आज गुरुवार असतो,” सर म्हणाले. “गुरुवारी मी खात नाही.”

त्या दिवशी बुधवार होता.

काकूनं त्यांच्यापुढची वाटी शांतपणे उचलली. “राहू द्या जी,” ती म्हणाली. “पावडरबी गाडीतच राहू द्या.”