वाढणारा हात

आमची माय पानात काय पडलं ते पाहत नसे. वाढणारा हात किती वाकला ते पाहत असे. पंगत लग्नाची असो, बारशाची असो की घरच्या चार माणसांची, वाढणारा समोर आला की हिची नजर त्याच्या मनगटावर. हात पानाशी टेकला तर माय जेवायची. वीतभर वरून भाकर पडली तर ती पान पुढे सारून म्हणायची, "पोट भरलं." मग कोणी कितीही आर्जवं करो, ती घास घेत नसे.

माझं लग्न झालं त्या पहिल्याच आठवड्यात शांताने, म्हणजे माझ्या बायकोने, तव्यावरून काढलेली भाकर मायच्या ताटात वरूनच सोडली. हात भाजत होता बिचारीचा. माय म्हणाली, "कुत्र्याले टाकून राहिली का वो?" शांता यवतमाळकडची, बोलायला तीही काही कमी नव्हती, पण नव्या सुनेने तोंड उघडायचं तरी कसं? घरात दोघींची तोंडं दोन दिशांना. शेवटी मायनेच तिला चुलीपाशी बसवून घेतलं आणि सांगितलं की मी भाकरीवर नाही रागावले, उंचीवर रागावले. शांताला ते असं काही पटलं की पुढे ती शेजारच्या मांजरालाही खाली बसून दूध घालायची. मी चिडवलं तर म्हणायची, सासूबाई बघत असतात.

या सवयीचं मूळ अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या सडकेत होतं. माझे वडील आणि माय त्या सडकेवर गिट्टी फोडायचे. काम पुढे सरकलं की आमचं पाल पुढे सरकायचं. दुपारी बाभळीखाली बसून शिळी भाकर आणि मिरची खायची, आणि वाऱ्यावर गावातून वास यायचे. कुठे भजी तळली जात असायची, कुठे रस्सा उकळत असायचा. हाटेलात आत बसायची आम्हांला सोय नव्हती. आमच्या वाटचे कप बाहेर ओट्यावर पालथे ठेवलेले असायचे. चहा वरून ओतला जायचा, आणि पिऊन झाला की आपला कप आपणच धुऊन पुन्हा पालथा घालायचा. एखाद्या वावरात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत असली तर आमची माणसं बांधावर बसून राहायची. सगळे जेवून उठले की उरलंसुरलं पदरात पडायचं, तेही थंडगार आणि वरून.

त्यामुळे मायला त्या रस्त्यावरचं सगळं जेवण ठाऊक होतं, पण नाकाने. कोणत्या गावच्या भज्यांत ओवा जास्त, कोणत्या हाटेलवाल्याचं तेल जुनं, हे ती पाव कोसावरून सांगायची. वर म्हणायची, "वासानं पोट भरलं असतं त अकोल्यात माह्याएवढी जाडी बाई नसती." प्रत्यक्षात ती काडीसारखी होती.

छप्पन साली वस्तीबरोबर ती नागपूरला जाऊन आली. वडील त्याआधीच गेले होते. आल्यावर तिने दोन गोष्टी केल्या. घरातला देव्हारा रिकामा केला आणि मला समोर बसवून सांगितलं की यापुढे आपण पदरात घेऊन काही खायचं नाही. कोणाच्या चुलीवर सोनं का शिजत असेना. मला वाटतं, वाढणाऱ्याचा हात पाहायला ती तेव्हापासूनच लागली.

पुढे मी ओव्हरसियर झालो, आणि गंमत पाहा, खातंही रस्त्याचंच. नोकरीत कायम झालो तेव्हा मायला विचारलं, तुला काय पाहिजे ते सांग. मला वाटलं लुगडं मागेल, फार तर सरी. ती बराच वेळ सुपारी कातरत बसली आणि म्हणाली, "एक खेप त्या सडकेनं ने मले. वासावर लय खाल्लं. आता गरम खायचं हाय. बसून."

रहीम माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याची एक जुनी मोटार होती, तिचं मागचं एक दार सुतळीने बांधलेलं असायचं. अकोल्याच्या स्टेशनावर तो सवाऱ्या घ्यायचा. मायला अम्मा म्हणायचा आणि तिच्या हातची वांग्याची भाजी खायला कारणं काढून यायचा. मी बेत सांगितल्यावर त्याने मोटार धुतली, ही मोठीच गोष्ट. अमरावतीला त्याची मावशी होती. गिला वडा खाऊन संध्याकाळी तिच्याकडे टेकायचं आणि दुसऱ्या दिवशी परतायचं, असं ठरलं.

पौषातल्या एका सकाळी आम्ही निघालो. माय पुढे रहीमशेजारी बसली. बाहेर तुरीची वावरं पिवळी पडली होती, पण तिचं लक्ष सडकेवर. इथे तुझ्या बापाचा अंगठा ठेचला, इथे तू तापानं फणफणला होतास, या पुलाची गिट्टी माझी, असं ती सांगत चालली होती. रहीम म्हणाला, मग अम्मा, पुलाचा टोल तूच घे. माय हसली. इतकी खुशीत मी तिला क्वचितच पाहिलं होतं.

पहिल्या गावात हाटेलात आत, बाकावर बसलो. नोकराने भज्यांची बशी टेबलाच्या त्या टोकावरून अशी सरकवली की ती मायच्या पुढ्यात येऊन गरागरा फिरली. माय म्हणाली, "पोट भरलं." मी समजावलं, अगं तो सगळ्यांनाच अशी सरकवतो, घाईत आहे. ती हलली नाही. तिची बशीही रहीमनेच संपवली. मोटारीत बसल्यावर माझा फुगलेला चेहरा पाहून ती म्हणाली, "भुकेले डोये नसतात बाबू. मले हायेत."

मूर्तिजापुरात मात्र बेत जमला. हाटेलचा मालक म्हातारा होता. गिऱ्हाईक कमी, म्हणून तो स्वतःच आलूबोंडा आणि रस्सा घेऊन आला. बशी दोन्ही हातांनी मायपुढे ठेवली, वर म्हणाला, गरम आहे, सांभाळून. मायने खाल्लं. रस्सा असा झणझणीत की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण बशी पुसून खाल्ली आणि म्हणाली, बरं आहे. तिच्याकडून याहून मोठी शाबासकी कोणाला मिळालेली मला माहीत नाही.

मग चहा आला. गप्पा चालल्या होत्या. चहा संपला तशी माय उठली, रांजणाजवळ गेली, आपला कप स्वच्छ विसळला, बाहेर गेली आणि तो ओट्याच्या भिंतीवर पालथा घालून आली. परत येऊन बाकावर बसताना तिला समोर आमचे दोन उष्टे कप दिसले. ती तशीच उभी राहिली.

म्हातारा मालक गल्ल्यावरून उठला, बाहेर जाऊन तो कप घेऊन आला आणि आतल्या कपांत ठेवला. तो पालथा कप कशाचा ते त्याला बरोबर कळलं होतं. कधीकाळी त्याच्याही ओट्यावर असे कप असणारच.

मोटार निघाली. गाव मागे पडलं तरी मायने सडकेकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे, जुनी सवय आहे, कोणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हा ती आपल्या उजव्या हाताकडे पाहत म्हणाली, "लोकाइचे हात पाहत फिरली मी. माहा हात पाह्यलाच नाई. धम्म डोस्क्यात आला, पन हातापर्यंत पोचलाच नाई बाबू." आणि मग, "चाल घरी."

मी पुष्कळ सांगून पाहिलं. अमरावती आता लांब नाही, मावशी वाट पाहत असेल. ती नाही म्हणजे नाही. आयुष्यात एक गोष्ट तिने माझ्याकडे मागितली होती आणि ती अर्ध्यावरच मोडत होती, याचंच मला वाईट वाटत होतं. रहीमने एका निंबाखाली मोटार उभी केली. "गाडी गरम हो गई अम्मा, जरा ठंडी होने दो," म्हणाला. गाडी काही गरम वगैरे झालेली नव्हती.

समोरच्या वावरात गोवऱ्यांचा धूर होता. मायने नाक वर केलं. राग असो, दुःख असो, तिचं नाक आपलं काम सोडत नसे. म्हणाली, रोडगे आहेत, आणि वांगी घरची आहेत. तुरीची सोंगणी आटोपली म्हणून त्या शेतकऱ्याने मजुरांना आणि भाऊबंदांना जेवण घातलं होतं. आमच्याकडे अशा वेळी सडकेवरच्या माणसालाही हाक मारायची रीत आहे. मोटार थांबलेली पाहून मालक बांधावर आला आणि म्हणाला, या पावनं, पंगत बसूनच राहिली आहे.

माय उतरली. मी तिच्याबरोबर चालता चालता हळूच म्हटलं की कोणी विचारलं तर अकोल्याचे एवढंच सांग. मोटार आहे, माझ्या अंगात पँट आहे, खोदून कोणी विचारणार नाही. पोटभर जेव आणि चल. ती थांबली. म्हणाली, "लपून खाल्लं त गरम काय अन् थंडं काय?"

वावरात सावलीला आम्ही पंगतीत बसलो. मालकाने रिवाजाप्रमाणे विचारलं, कोणत्या गावचे पाहुणे? मायने पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अकोल्याचे. पन याच सडकेवर गिट्टी फोडत होतो आमी. बौद्ध हावो."

एक म्हातारा आपली पत्रावळ उचलून पलीकडच्या झाडाखाली जाऊन बसला. मालक आपल्या आईकडे पाहू लागला. ती रोडग्यांची टोपली घेऊन वाढत वाढत नेमकी आमच्यापर्यंत आली होती. नुकताच निखाऱ्यातून काढून फडक्याने पुसलेला रोडगा तिच्या हातात होता. तो हात मायच्या पत्रावळीवर, कमरेच्या उंचीवर, थांबला.

किती वेळ थांबला कोण जाणे. मला उठून जावंसं वाटत होतं. रोडगा कढत होता, म्हातारीची बोटं भाजत असणार, पण ती ना तो टोपलीत टाकत होती ना पत्रावळीत. माय तिच्या तोंडाकडे पाहत नव्हती, नेहमीप्रमाणे हाताकडे पाहत होती. मग म्हातारीने टोपली खाली ठेवली. दुखरे गुडघे धरत, कण्हत ती मायसमोर जमिनीवर बसली. तिने तो रोडगा मायच्या पत्रावळीत आपल्या हाताने फोडला, चुरला, आणि मध्ये आळं करून त्यात तूप सोडलं. चुरून द्यायचं ते घरच्या माणसाला. पाहुण्याला अख्खा रोडगा देऊन पुढे जातात. तिने हे मुद्दाम केलं की घाबरून तिच्या हातून झालं, ते मला सांगता येणार नाही. एवढंच म्हणाली, "गरम हाय माय. हयू जेव."

माय जेवली. सावकाश, चवीने जेवली. वांग्याच्या भाजीचा रस्सा रोडग्यात मुरू देऊन जेवली. तिने पत्रावळ रिकामी केली, मान वर केली आणि हाक मारली, "आखीन एक वाढ वो बाई."

मी मायच्या पोटचा पोर, पण पानावर तिने काही मागून घेतल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. घरातही नाही. मला रडू आलं आणि मी ते ठसक्यावर ढकललं. रहीमने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

अमरावती राहूनच गेली. जेवून ती म्हणाली, आता बस झालं, आणि आम्ही मागे फिरलो. वाटेत तिला थोडी झोप लागली. अकोला जवळ आलं तेव्हा जागी होऊन आपणहूनच म्हणाली, "थांबला होता तिचा हात. म्या पाह्यलं. पन थांबून वाकला. थो वाकाले जड जाते बाबू." त्या पलीकडच्या झाडाखालच्या म्हाताऱ्याबद्दल ती कधीच काही बोलली नाही.

एकोणसत्तर साल सरता सरता, म्हणजे सत्तर उजाडायच्या आत, माय गेली. तापाचं निमित्त झालं, अंथरुणाला फार खिळली नाही. अमरावतीचा गिला वडा मी नंतर कामानिमित्त पुष्कळदा खाल्ला, साहेबांच्या पंगतीलाही बसलो. त्या सडकेवरून जाताना तो निंब दिसला की अजून गाडी जरा थांबवायला सांगतो. वस्तीतली जुनी माणसं भेटली की हळहळतात, तुझ्या मायने फार भोगलं म्हणतात. भोगलं, खरंच आहे. पण मी त्यांना सांगतो की एका दुपारी तिने आपण कोण ते आधी सांगितलं, मग बसून गरम खाल्लं, आणि वर आणखी मागून घेतलं.