चुडामणकाकांचा चौथा इशारा

बुधवारा भागात साड्यांना फॉल-पिको करून देणारी रंजिता दुपारी मशीनवर बसली होती. तेवढ्यात मोबाइल कर्कश वाजला. पडद्यावर लाल अक्षरं: चुडामण पाटील, नाडी लागत नाही.

तिने मशीन थांबवलं, पण उठली नाही. महिन्याभरात असा इशारा तीनदा आला होता. तिन्ही वेळा ती धापा टाकत पोचली आणि काका ठणठणीत! मनगटावरचा पट्टा ढिला झालेला. तिसऱ्या खेपेला ते चिडलेच, "मी मेलो की कळवीन तुला." सगळी गल्ली हसली होती.

हे पट्टे एका संस्थेने हृदयरुग्णांना दिले होते. नाडी थांबली की जवळच्या स्वयंसेवकांना खबर जायची. रंजिताने नाव दिलं ते भावामुळे. श्रीकांत तिच्या डोळ्यांदेखत कोसळला होता. कोणी कांदा हुंगवला, कोणी तळपाय चोळले. छाती दाबायची असते हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. "खोटा निघाला तर निघाला," म्हणत ती अनवाणीच धावली.

दार आतून बंद. काकांची सून हिमानी शाळेत शिकवायला गेलेली. रंजिताने हाका मारल्या, दार बडवलं. दाराला लागून असलेल्या खिडकीतून पाहिलं तर काका जमिनीवर आडवे, तोंड उघडं. तिने विटेने काच फोडली, हात आत घालून कडी काढली. कोपरातून रक्त ओघळलं, ते तिला कळलंही नाही.

श्वास नव्हता. घशातून मधूनच एक घरघर, बस.

"काकी, एकशे आठला फोन लावा!" आवाज ऐकून आलेल्या शेजारच्या रंभाबाईंवर ती ओरडली आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळवे रोवून दाबू लागली.

रंभाबाईंनी फोन लावला, पण पुढचं दृश्य त्यांना बघवेना. "अगं, इतकं जोरात नको! म्हातारा माणूस, मरून जाईल!"

"श्वासच नाही काकी. याहून वाईट काय होणार? मोजा माझ्यासोबत!"

तेवढ्यात तळव्याखाली कट्‌ असा आवाज झाला. बरगडी. हात क्षणभर अडखळले, पण संस्थेच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, बरगडी जुळते, पण दाबणं थांबलं तर माणूस परत येत नाही. ती दाबत राहिली. खांदे भरून आले, डोळ्यांपुढे अंधारी आली.

"भाभी, हटा, आता मी!" तोच इशारा मिळालेला दुसरा स्वयंसेवक, मेडिकलवाला मोहित, हृदयाला झटका देणारं यंत्र घेऊन आत घुसला. त्याने दाबायला घेतलं, तिने यंत्राच्या पट्ट्या काकांच्या छातीवर चिकटवल्या. यंत्र बोललं, "रुग्णाला स्पर्श करू नका." देह उसळला. काहीच नाही. पुन्हा दाबणं, पुन्हा झटका.

आणि काका खोकले.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर रंजिता उंबऱ्यावर बसली. रंभाबाईंनी तिच्या कोपराला फडकं गुंडाळलं.

काका अकराव्या दिवशी घरी आले. बोलणं अजून जड होतं, छाती ठणकत होती. रंजिता दारात संकोचून उभी राहिली, तेव्हा हिमानीने तिला हाताला धरून आत नेलं.

"काका, बरगडी माझ्याच हातून मोडली."

ते खाटेवर थोडे सरकले आणि शेजारी बसायची खूण केली. ती बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली.